पंखाखालची लाल टोपी

हे सांगायला मी याआधी तीनदा तोंड उघडलं आहे. एकदा बायकोसमोर, एकदा देवळात महाराजांसमोर आणि एकदा गाडी चालवताना, एकट्यानंच. तिन्ही वेळा पावसापाण्यावर बोलून मोकळा झालो. म्हणजे आजवर हे कुणाच्याच कानावर गेलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नसाल असं धरून सांगतो आहे. ओळखत असाल तर — तरी आता काय करणार? वाचा.

मुद्द्यावर यायला मला जरा वेळ लागेल, आधीच सांगतो. कारंज्यात आमचं मोटारपंपांचं आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. मी सुरेश. दुकानात बसून पाइप मोजण्यात अर्धं आयुष्य गेलं आणि चाळिशी उलटल्यावर मला विमान चालवायचं खूळ लागलं. लोकांना या वयात गुडघेदुखी लागते. दोन वर्षं नागपूरला खेपा घालून परवाना काढला. मग दोन माणसं बसतील असं एक जुनं, छोटं विमान घेतलं. धनजजवळ आमची पडीक जमीन होती, तिथं मुरमाची धावपट्टी केली, टिनाचं शेड बांधलं, कागदपत्रांसाठी चपला झिजवल्या. रविवारी मी उडायचो. आधी मोटारसायकल पळवून पट्टीवरची काळविटं आणि रोही हाकलायची आणि मग उडायचं. धनजची माणसं त्याला 'शेटजीची उडती फटफटी' म्हणत. मला राग यायचा नाही. खरं सांगू? बरं वाटायचं.

हौशी वैमानिकाचा धोका हवेत फारसा नसतो. मोठ्या विमानात शेजारी दुसरा वैमानिक असतो, खाली दहा माणसं असतात, त्यातलं कुणीही 'थांबा' म्हणू शकतं. माझं विमान माझं, पट्टी माझी, पेट्रोल माझं. मला थांबवणार कोण? सगळ्या तालुक्यात एकच माणूस होता.

प्रल्हादभाऊ कामरगावचे. हवाईदलात वीस वर्षं विमानांची देखभाल केलेला माणूस. निवृत्त होऊन गावी आले आणि पंप-मोटारी दुरुस्तीचं दुकान टाकलं. सामान माझ्याकडून न्यायचे, तिथून ओळख. विमान घेतलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, जरा बघाल का? त्यांनी पाहिलं, आणि पुढची सहा वर्षं ते बघतच राहिले. काम करताना बोलायचे नाहीत. प्रत्येक नट आवळला की त्यावर बोट टेकवायचे आणि पुढच्याकडे जायचे. सगळी बोटं टेकवून झाली की हात पुसायचे आणि म्हणायचे, "आता हे तुमचं." त्याआधी ते विमान माझं नसायचं, इतकं मलाही कळायचं.

आता त्या टोपीचं सांगतो. विमानाच्या डाव्या पंखाखाली बोटाएवढी एक नळी असते, पुढे तोंड करून. उडताना समोरची हवा तिच्यात शिरते आणि त्या जोरावर वेगाचा काटा हलतो. नळीचं तोंड बुजलं की काटा मेला. मग उतरताना आपण किती हळू झालो ते कळत नाही आणि फार हळू झालेलं विमान उडायचं सोडून देतं, खाली बसतं. आमच्या शेडमध्ये कुंभारमाश्यांचा सुळसुळाट. दिसेल त्या भोकात मातीची घरं बांधतात. म्हणून प्रल्हादभाऊंनी त्या नळीला लाल कापडाची टोपी शिवून घेतली होती, तिला हातभर लाल फीत, दुरूनही दिसावी अशी. विमान उभं राहिलं की टोपी चढवायची, उडायच्या आधी काढायची. त्यांचा नियम एकच होता. "टोपी काढली का मंग कोनाचाच हात लागू देऊ नका भाऊ. देवाचा बी नाई." हे शेवटचं ते मला चिडवायला म्हणायचे. ते बौद्ध, देवाधर्माचं आमचं दोघांचं कधी जुळलं नाही, पण त्यावरून थट्टा भरपूर चालायची.

दसऱ्याला प्रल्हादभाऊ नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे. दरवर्षी. त्यांच्या वडिलांनी तिथं दीक्षा घेतलेली, आणि त्यांच्या घरात तो दिवस कुणी चुकवलेला नव्हता. त्या वर्षी मी त्यांना म्हटलं की दसऱ्याला मला संगीताला वर न्यायचं आहे. संगीता माझी बायको. इतक्या वर्षांत ती विमानात बसली नव्हती, तिला भीती वाटायची, आणि आता कधी नव्हे ते तयार झाली होती. प्रल्हादभाऊ आदल्या दिवशी दुपारी आले. दोन तास तपासणी केली. रस्त्यावर त्यांच्या गावची जीप उभी होती, सगळी मंडळी बसलेली, जीपवाला हॉर्न वाजवून राहिला होता. त्यांनी हात पुसले, नळीला टोपी चढवली, जीपकडे निघाले, अर्ध्यातून परत आले, फितीची गाठ ओढून पाहिली आणि मग गेले.

ती गाठ ओढताना मी त्यांना पाहिलं. मी तिथंच उभा होतो, चार पावलांवर.

दसऱ्याला सकाळी दुकानातली पूजा आटोपून आम्ही पूजेचं ताट घेऊन धनजला आलो. दसऱ्याला आपल्याकडे ट्रॅक्टरला हार घालतात, वजनकाट्याला कुंकू लावतात, मग विमानानं काय घोडं मारलं? पन्नास-साठ माणसं जमली होती. सोयाबीन निघून गेलेलं, शेतात तूर कमरेला आलेली, हवा स्वच्छ. माणसं संगीताच्या ताटाभोवती होती, तेवढ्यात मी टोपी काढली, खिशात घातली. नळीत पाहिलं. साफ होती. संगीतानं विमानाच्या तोंडावर कुंकू लावलं, अक्षता लावल्या, हार घातला. हार मी लगेच काढून घेतला, कारण तो पुढच्या पंख्यात अडकला असता. इतका मी काळजी घेणारा माणूस.

इथं मी एक मिनिट गाळतो आहे. मुद्दाम गाळतो आहे. त्याच्याकडे परत येईन.

आम्ही बसलो. पट्टे बांधले. पट्टीवर धावायला लागलो की पहिली नजर वेगाच्या काट्यावर टाकायची, हे मला पहिल्या दिवशी शिकवलेलं. काटा हलला नाही तर इंजीन बंद, ब्रेक, थांबायचं. यात विचार करण्यासारखं काही नसतं. मी पाहिलं. काटा शून्यावर. मी काचेवर टिचकी मारली. शून्य. अजून निम्मी पट्टी पुढे होती, थांबायला जागा होती, वेळही होता. मग मी का थांबलो नाही? बाजूला माणसं ओळीनं उभी होती, मोबाइल वर धरून. शेजारी संगीता डोळे मिटून बसली होती, पहिल्यांदाच. थांबलो असतो तर खाली उतरून साठ जणांना सांगावं लागलं असतं की फटफटी बंद पडली. वर गेल्यावर काटा सुटेल, असं मी मनाशी म्हटलं आणि दांडी ओढली.

काटा सुटला नाही.

वरून धनज दिसलं, कारंज्याकडे जाणारा रस्ता दिसला, तुरीचे पट्टे दिसले. संगीतानं डोळे उघडले आणि ती हसली. म्हणाली, "इतकं शांत असते काय वरतं?" मी हो म्हणालो. काचेवर पुन्हा टिचकी मारली. तिला काही सांगितलं नाही. सांगून काय केलं असतं तिनं? पण सांगायला हवं होतं. शेजारी बसलेल्या माणसाला आपण किती धोक्यात आहोत ते कळायला नको?

पहिल्यांदा उतरायला आलो तो भीतीनं फार जोरात आलो. पट्टी खालून निघून गेली आणि चाकं टेकलीच नाहीत. परत वर घेतलं, चक्कर मारली. लोक हात हलवत होते, त्यांना वाटलं शेटजी कसरत दाखवून राहिले. दुसऱ्या खेपेला मी वेग कमी केला. किती कमी केला? तेच तर कळायला मार्ग नव्हता. कडुनिंबाच्या शेंड्याइतके खाली आलो असू, तेव्हा दांडी एकदम सैल पडली. मला कळलं काय होतंय ते. इंजीनला पूर्ण पेट्रोल दिलं, पण तेवढी उंचीच उरली नव्हती. विमान नाक खाली घालून पट्टीच्या अलीकडे तुरीत आदळलं.

धूळ खाली बसली तेव्हा संगीता अगदी हळू आवाजात म्हणाली, "अहो, मले उठता येऊन नाई राह्यलं."

माणसं धावत आली. कुणीतरी बाज आणली. तिला उचलून बाजेवर घेत होते, ती कण्हत होती, माझ्या कपाळातून रक्त येत होतं, आणि मी — ऐका आता — मी तिच्याकडे गेलो नाही. मी पंखाखाली गेलो.

गाळलेलं मिनिट सांगतो. पूजा चालू असताना गर्दीतून कुणीतरी विचारलं होतं, "शेटजी, याचं नाक कोनतं हो?" लोक हसले. मलाही चेव आला. मी ताटातून ओलं कुंकू आणि अक्षता चिमटीत घेतल्या, पंखाखाली वाकलो, म्हणालो, "हे पाहा नाक, हवा इथूनच हुंगते," आणि अंगठ्यानं नळीच्या तोंडावर टिळा दाबला. चांगला दाबला, पडायला नको म्हणून. सगळे पुन्हा हसले आणि विमानाच्या तोंडापाशी प्रसादाला गेले. तिथं नेमकं काय लावलं ते कुणी वाकून पाहिलं नाही. टोपी काढल्यावर हात लावू नका, असं मला सहा वर्षं सांगितलेलं होतं आणि हात लावला तो मीच.

पंखाखाली गेलो तर टिळा तसाच होता. नळीच्या तोंडात कुंकवात भिजलेला तांदळाचा दाणा घट्ट बसला होता. मी बाभळीचा काटा मोडून घेतला आणि तो दाणा उकरून काढला. नळीचं तोंड थुंकीनं पुसलं. मग वळलो आणि संगीताच्या बाजेमागे पळालो. किती वेळ गेला असेल? तिला जीपमध्ये ठेवेपर्यंत मी पोचलो होतो. ती माझा हात शोधत होती. मी दिला, आणि अंगठ्याचं कुंकू तिला दिसू नये म्हणून मूठ मिटून दिला.

तिच्या कमरेचा मणका दबला होता. अमरावतीला ऑपरेशन झालं.

घाबरलेला माणूस काहीही करतो, असं तुम्ही म्हणाल. म्हणू नका, कारण दुसऱ्या दिवशी मी घाबरलेला नव्हतो. तिचं ऑपरेशन नीट झालं होतं, डॉक्टर बोलले होते, मी चहा घेतला होता. चौकशीला विमान खात्याचे साहेब लोक येणार होते. काटा का मेला ते त्यांना काय सांगू? मी सकाळीच धनजला आलो. राखणीला गावातला एक म्हातारा बसवला होता, तो मला कशाला अडवेल? शेडच्या तुळईवरून कुंभारमाशीचं एक घर खरवडून काढलं, ओलं केलं आणि नळीत भरलं. ते वाळेपर्यंत तिथंच बसलो. मग खिशातली लाल टोपी काढली, नीट घडी केली आणि शेडमधल्या खिळ्याला अडकवली, जिथं ती विमान उडताना असायची.

साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, सकाळी आलो तेव्हा नळीवर टोपी नव्हती, माझंही लक्ष गेलं नाही. 'माझंही' म्हणालो. थोडा दोष स्वतःकडे घेतला की उरलेलं लोक डोळे मिटून खरं मानतात, हे दुकानात बसून कळतं. त्यांनी नळीत पाहिलं, तुळईवर पाहिलं, खिळ्यावर पाहिलं आणि लिहून घेतलं.

मी अमरावतीला परतलो तेव्हा प्रल्हादभाऊ नागपूरहून थेट दवाखान्यात आले होते. तिथून माझ्याबरोबर शेडवर आले. खिळ्यावरची टोपी पाहून जागच्या जागी थांबले. "मी तं घातली होती," ते म्हणाले. मग त्यांनी टोपी हातात घेतली, फीत ओढून पाहिली. मी बाजूलाच होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं — मी काहीतरी बोलेन म्हणून पाहिलं असेल. मी त्यांना गाठ ओढताना पाहिलं होतं ना? मी खाली पाहिलं. "जीप हॉर्न मारून राह्यली होती," ते म्हणाले. "घाईत होतो मी." एवढंच. माझ्याशी वाद घातला असता तर बरं झालं असतं. त्यांनी वाद घातला तो स्वतःशी, आणि त्यात ते हरले.

दुकानात आमचे लोक बोलायचे, "त्याले दीक्षाभूमीले पळाची घाई होती, त्यानं केलं हे." काही जण याहून वाईट बोलायचे, जातीवर जायचे. मी गल्ल्यावर बसून ऐकायचो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पाइपाचा साइज विचारायचो. संगीता दोन महिने पाठीवर पडून होती. आता चालते-फिरते, पण जमिनीवर बसू शकत नाही, देवळात तिच्यासाठी खुर्ची ठेवावी लागते. तिनं प्रल्हादभाऊंचं नाव टाकलं. ते तब्येत विचारायला आले की आतल्या खोलीत जाऊन पडायची. ते ओट्यावर बसून मला विचारायचे, "वैनी कशा हायेत?" आणि पाणी न पिता जायचे.

आठ वर्षं झाली. विमान मी विकलं. प्रल्हादभाऊंचं दुकान पहिल्या दोन-तीन वर्षांतच बसत गेलं. ते एकच मोटार तीनदा खोलायचे. गिऱ्हाईक पंप घेऊन शेतात पोचायचं आणि हे मागून मोटारसायकलवर यायचे, नट आवळला होता की नाही पाहायला. लोक कंटाळले. शेवटी एक दिवस त्यांनी मला येऊन सांगितलं, "सुरेशभाऊ, मले आता माह्या हातावर भरोसा नाई राह्यला. बंद केलं." वीस वर्षं हवाईदलात ज्या हातांवर माणसं उडाली ते हात. मी म्हणालो, आराम करा आता, वय झालं. वय साठच्या आतलं होतं. दसऱ्याला ते आता नागपूरला जात नाहीत. घरची मंडळी जातात, ते घरी थांबतात.

तुम्हाला वाटेल की हेच ते, जे सांगायचं होतं. मलाही काल-परवापर्यंत तसंच वाटायचं.

आमच्या जैनांत पर्युषण संपलं की क्षमावाणी असते. त्या दिवशी प्रत्येकानं प्रत्येकाला हात जोडायचे, वर्षभरात कळत-नकळत जे दुखावलं असेल त्याची माफी मागायची. समोरच्यानं 'उत्तम क्षमा' म्हणायचं आणि उलट आपणही मागायची. मी दरवर्षी सगळ्या कारंज्याला हात जोडतो. प्रल्हादभाऊंना फोन करतो. 'कळत-नकळत' म्हणतो.

या वर्षी त्या दिवशी सकाळी ते स्वतः घरी आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला. ओट्यावर बसले नाहीत, आत आले. म्हणाले, "वैनीले बोलवा." संगीता आली, खुर्चीत बसली, तोंड दुसरीकडे करून. ते उभेच राहिले. म्हणाले, "तुमच्यात आज माफी मागतात, म्हनून आजच आलो. मले आता समदं आठोते, वैनी. आठ वर्षं म्हनत राह्यलो का घातली होती. नाई घातली. टोपी माह्या हातात होती, जीपवाल्यानं हॉर्न मारला, मी ती खिळ्याले लटकवली अन् पळालो. आता डोळे मिटले का तो खिळा दिसते मले." आणि त्यांनी हात जोडले.

त्यांना खिळा दिसत होता. तो खिळा मी त्यांच्या डोळ्यांत ठोकला होता, आणि आठ वर्षांत तो इतका खोल गेला की आता त्यांना टोपी लटकवणारा स्वतःचा हात दिसतो. मी तेव्हा बोलायला हवं होतं. शब्द ओठांवर आलेही होते. संगीता रडायला लागली. आठ वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्याशी बोलली, "जाऊ द्या भाऊ, तुमी मुद्दाम थोडी केलं." मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. माझी पाळी होती.

मी हात जोडले आणि म्हणालो, "उत्तम क्षमा." मी त्यांना माफ केलं.

आणि रीत आहे म्हणून पुढचंही म्हणालो. माझंही कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा असावी. ते कसंनुसं हसले, डोळे पुसत म्हणाले, "तुमचं काय चुकनार भाऊ?" संगीतानं चहा ठेवला. त्यांनी बसून घेतला, वरून पाणीही प्याले. जाताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

ते गेल्यावर कपबश्या उचलताना संगीता म्हणाली, "तुमचं मन मोठं हाय. दुसरा असता तं दारात उभं केलं नसतं."

मी म्हणालो, हो.